श्वास सोडा आणि तसंच थांबा

चिठ्ठीवर ‘एमआरसीपी’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे एमआरआय यंत्रावर पित्तनळ्यांचा फोटो. ती हातात धरून जो माणूस आमच्याकडे येतो, तो त्याआधी गावचा डॉक्टर, तालुक्याची सोनोग्राफी, रक्त-लघवीच्या तपासण्या असं सगळं करून दमलेला असतो. डोळे पिवळेधमक, हातापायांवर खाजवून उठलेले ओरखडे आणि रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही. अशा माणसाला मी गार खोलीत, एका अरुंद यंत्रात सरकवते आणि सांगते, “मी म्हणेन तेव्हा श्वास सोडायचा आणि तसंच थांबायचं.” करोडोंचं यंत्र, आत उणे 269 अंशांचं हेलियम, बाहेर गुरगुरणारा चिलर, पण फोटो चांगला येणार की वाया जाणार, हे त्या माणसाने माझं हे वाक्य कसं ऐकलं त्यावर ठरतं.

मी सोलापुरातल्या एका स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्ट लिहितात ते रेडिओलॉजिस्ट सर. मी पेशंटला झोपवते, यंत्र चालवते आणि काचेपलीकडून माइकवर बोलत राहते. आमचं गावच असं की एका भाषेत भागत नाही. अक्कलकोट, इंडीकडून आलेले काका कन्नड बोलतात, पूर्व भागातली पद्मशाली आजी तेलुगू, विजापूर वेशीकडचे चाचा दखनी, आणि माढा-बार्शीचे आपले मराठी. त्यामुळे मराठीतलं ते एक वाक्य मी कन्नडमध्येही पाठ केलंय: “उसिरु तगोरी, बिड्री, हिडकोरी.” तेलुगूत: “ऊपिरि पील्चंडि, वदलंडि, आपंडि.” व्याकरण धड आहे की नाही देव जाणे. पण माणूस घाबरलेला असला की त्याला परकी भाषा आधी ऐकू येईनाशी होते, हे मी इथे रोज बघते. मराठी छान समजणाऱ्या बाईलासुद्धा त्या यंत्राच्या पोटात आईची भाषाच लागते.

नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, “ताई, ह्याची किरणं अंगाला लागतात का?” नाही लागत. क्ष-किरणांचा इथे संबंध नाही. शरीरात जिथे तिथे पाणी आहे. त्या पाण्यातल्या हायड्रोजनला मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओलहरीने ढवळलं की तो उलट संदेश देतो आणि तो संदेश हळूहळू विरत जातो. यकृताचा, स्नायूंचा लवकर विरतो. एका जागी साचलेल्या पाण्याचा सगळ्यात उशिरा. एमआरसीपीत आम्ही मुद्दामच उशिरा ऐकतो. तोवर बाकी सगळे गप्प झालेले असतात, उरतं ते पित्त आणि स्वादुपिंडाचा रस. रक्तही पातळच, पण ते वाहतं असल्यामुळे संदेश द्यायला जागेवर थांबत नाही. म्हणून सुई नाही, औषध नाही, तरी काळ्या पडद्यावर पित्ताच्या नळ्या पांढऱ्याशुभ्र उमटतात. यकृतातल्या बारीक फांद्या, त्या मिळून झालेली मुख्य पित्तनळी, बाजूला लोंबणारं पित्ताशय, आणि डावीकडून येऊन आतड्याच्या तोंडाशी तिला भेटणारी स्वादुपिंडाची नळी. पित्तनळी साधारण सहा मिलिमीटरपर्यंत, स्वादुपिंडाची तीनपर्यंत. पित्ताशय काढलेल्या माणसात पित्तनळी थोडी रुंद असली तरी चालतं. एवढ्याशा जागेत काय अडकलंय ते बघायचं असतं.

पूर्वी हे बघायला तोंडातून दुर्बीण घालून आतड्यापर्यंत जावं लागायचं आणि नळीत रंग सोडून एक्स-रे काढायचे. त्याला ईआरसीपी म्हणतात, 1968 पासून ती आहे. उपचाराला ती आजही लागते. खडा ओढून काढायचा, नळीत स्टेंट घालायचा, तर दुसरा सोपा मार्ग नाही. पण त्या दुर्बिणीने काही पेशंटच्या स्वादुपिंडालाच सूज येते आणि ती सूज जिवावरही बेतू शकते. नुसतं बघण्यासाठी एवढा धोका पत्करायचा का, हा प्रश्न होता. 1991 साली जर्मन डॉक्टरांनी एमआरआयवर पित्तनळ्यांचे पहिले फोटो छापले आणि हळूहळू बघणं इकडे आलं, काढणं तिकडे राहिलं. सोलापूरसारख्या ठिकाणी याचा अर्थ सरळ आहे: कोणाला ईआरसीपीची गरज आहे आणि कोणाला नाही, हे आधीच इथे ठरतं.

पण त्यासाठी पोट रिकामं हवं. चार ते सहा तास काही नाही. जेवलं की पित्ताशय आकसतं, आणि जठरातलं पाणीही फोटोत पांढरंच येतं, बरोबर स्वादुपिंडाच्या डोक्यावर येऊन बसतं. हे मी फोनवर सांगते, चिठ्ठीवर लिहिते, आल्यावर पुन्हा विचारते. “काही खाल्लं नाही ना?” “नाही हो ताई, काऽही नाही. नुसता चहा.” चहा म्हणजे खाणं नव्हे, यावर आपल्याकडे चारी भाषांचं एकमत आहे. मग त्यांना बाहेर बसवायचं, पुढचा पेशंट घ्यायचा आणि नातेवाइकांची बोलणी ऐकायची.

त्यात अननसाच्या रसाने आणखी गोंधळ होतो. या रसात मॅंगनीज असतं आणि त्यामुळे जठरातल्या पाण्याचा संदेश दबतो, ते पाणी काळं पडतं. म्हणून काही पेशंटना तपासणीआधी पंधरा-वीस मिनिटं पेलाभर अननसाचा रस पाजतात. मधुमेह असेल तर सरांना विचारून. उपाशी ठेवून उपाशी ठेवून शेवटी रस हातात दिला की घरच्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. एका म्हाताऱ्या बाबांनी पेला परत केला. म्हणाले, आज माझी एकादशी आहे, फळ चालतं, पण दवाखान्याचं नको.

मग कपडे आणि दागिने. आमचं चुंबक दीड टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30 हजार पट, आणि ते चोवीस तास चालू असतं. लाइट गेली तरी. हे लोकांना पटत नाही. यंत्राचा आवाज थांबला की त्यांना वाटतं बंद झालं. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि सिलिंडरसकट ओढला गेला, त्यात त्याचा जीव गेला. त्या दिवसापासून आमच्या दारातला वॉर्डबॉयसुद्धा दाराला पाठ लावून उभा राहतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते: पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? शेवटचा प्रश्न सोलापुरात फार महत्त्वाचा. इथे लेथवर, वेल्डिंगवर, यंत्रमागाच्या दुरुस्तीवर आयुष्य गेलेले पुष्कळ.

बायकांचं वेगळंच. साडीच्या पिना, केसातले आकडे, पाटल्या, जोडवी. सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण मंगळसूत्राच्या फाशात, काळ्या मण्यांच्या तारेत काय धातू आहे ते कोण सांगणार? म्हणून काढावं लागतं. नवरा आजारी असेल आणि तपासणी बायकोची, तर ते मंगळसूत्र निघता निघत नाही. मग मी सासूला किंवा नणंदेला आत बोलावते. त्यांनी धरलं की होतं. एक गोष्ट मात्र मी काढायला सांगत नाही: काविळीची माळ. काडीच्या बारीक तुकड्यांची, दोऱ्यात ओवलेली. त्यात लोखंड नाही, राहू दे.

या माळेबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी पेशंटच्या गळ्यात ती असते. पहिल्या दिवशी ती डोक्यावर जेमतेम बसते. मग दिवसागणिक लांबत जाते, खाली उतरते, गळ्यात येते, छातीवर येते, आणि माळ उतरली की कावीळ उतरली असं म्हणतात. ओल्या काड्यांना दोऱ्याचे फास घातलेले असतात. काडी वाळली की बारीक होते, फास सैल पडतात, माळ वाढते. खुंटीला टांगून ठेवली तरी वाढेल. आता गंमत अशी की विषाणूची कावीळ, दूषित पाण्यातून होणारी, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळेलाही तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे माळवाल्या बाबांचा कोणी पेशंट वाईट सांगत नाही. मी कोणाला हसत नाही, माझ्या आजोळीही ही माळ घातलेली मी पाहिली आहे. पण नळी तुंबून झालेली कावीळ वेगळी. तिच्यात खाज सुटते, लघवी गडद होते, शौचाचा रंग पांढुरका होतो, आणि ती थांबून राहत नाही. माळ छातीवर येऊनही डोळे अधिकच पिवळे, असं झालं की मग लोक आमच्याकडे येतात. मधला महिना गेलेला असतो. मला राग येतो तो या महिन्याचा.

अशाच एका अम्मांना त्यांच्या सुनेने आणलं होतं. पूर्व भागातल्या, सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. बोटांची टोकं तपकिरी, छातीत तंबाखूची धूळ बसलेली, चार पावलं चालल्या की धाप. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे दिसले होते आणि मुख्य नळी फुगलेली. पण नळीचं खालचं टोक आतड्यातल्या वायूने झाकलेलं. सोनोग्राफीची तिथे नेहमीच अडचण होते. म्हणून एमआरसीपी.

श्वास थांबवायचा सराव मी टेबलावर झोपवण्याआधी, खुर्चीवर बसवूनच घेते. पेशंटच्या पोटावर माझा हात. लोकांना श्वास भरून थांबवता येतो, तसं सगळ्यांनीच विहिरीत डुबी मारताना केलेलं असतं. आम्हाला हवं ते उलट: श्वास पूर्ण सोडायचा आणि रिकाम्या छातीने थांबायचं. कारण भरलेल्या श्वासात यकृत दर वेळी वेगळ्या जागी थांबतं, सोडलेल्या श्वासात जवळजवळ त्याच जागी. पण रिकाम्या छातीने थांबणं म्हणजे शरीराच्या मनाविरुद्ध. अम्मांना ते जमेना. पाच सेकंदांत खोकला. पुन्हा घेतलं, पुन्हा खोकला. सून ओरडायला लागली, त्याने अम्मा आणखी घाबरल्या.

मग मी सुनेला बाहेर बसवलं आणि श्वास थांबवायचा नादच सोडला. दुसरा मार्ग असतो. पोटावर एक पट्टा बांधायचा, त्यातून श्वासाची लाट माझ्या पडद्यावर दिसते, आणि प्रत्येक लाट खाली आली की तेवढ्या क्षणापुरतं यंत्र फोटो घेतं. तीन-चार मिनिटं लागतात, कधी जास्त. अट एकच, श्वास एका लयीत हवा. अम्मांना पायाकडून आत घेतलं, म्हणजे डोकं यंत्राच्या तोंडाशी राहतं, छत दिसतं. बाहेर मे महिन्याची त्रेचाळीस अंशांची आग आणि खोलीत गारठा, म्हणून दोन चादरी पांघरल्या, सोलापुरीच, दुसऱ्या कुठल्या असणार! कानात बोळे घातले, वर हेडफोन. माइकवर म्हटलं, अम्मा, काही करायचं नाही, दुपारी पडता तसं पडून राहा. दोन मिनिटांनी लाटा एकसारख्या व्हायला लागल्या. त्या चक्क झोपल्या होत्या. त्या दुपारचा फोटो आमच्या सरांनी पुढे शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला ठेवला, इतका स्वच्छ आला. पांढऱ्या नळीत खाली ओळीने काळे खडे. सुनेला सर म्हणाले, “पाटात ढेकूळ अडकलं की मागे पाणी तुंबतं ना, तसं झालंय. दुर्बिणीने काढता येईल.” सून विणकराच्या घरातली, पाट तिने पाहिला असेल-नसेल, पण ‘काढता येईल’ एवढं तिला पुरलं.

हल्लीच्या यंत्रांत आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज असतो. बटण दाबलं की तो पेशंटला सांगतो, श्वास घ्या, सोडा, थांबा. बसवायला आलेल्या इंजिनिअरने मोठ्या कौतुकाने दाखवलं. मी ते बटण वापरत नाही. त्या आवाजाला पडद्यावरची लाट दिसत नाही. माणसाचा श्वास अजून अर्धाच सुटलाय, तरी तो ‘थांबा’ म्हणून मोकळा होतो.

सगळे फोटो अम्मांसारखे नसतात. इंडीकडचे एक काका आले होते, मुलगा सोबत. दुखणं काहीच नाही, फक्त वजन उतरलेलं, डोळे पिवळे. दुखत नाही याचा मुलाला आनंद होता. हे काम शिकलेल्या माणसाला नेमकी त्याचीच धास्ती वाटते. जाड थराचा पहिला फोटो तीन-चार सेकंदांत पडद्यावर येतो. पित्तनळी फुगलेली, स्वादुपिंडाची नळीही फुगलेली, आणि दोन्ही स्वादुपिंडाच्या डोक्याशी येऊन एकदम तुटलेल्या. मी बघितलं आणि सरांना बोलावलं. त्यांनी आणखी फोटो काढायला सांगितले, शिरेतून औषध देऊन पुढची तपासणी केली.

बाहेर आल्यावर मुलाने मोडक्या मराठीत विचारलं, “ताई, काय निघालं?” हा प्रश्न रोजचा आहे आणि उत्तरही रोजचंच: रिपोर्ट सर देतील. बरेच जण समजतात की आम्ही टाळतो. टाळतोच. पण ते फक्त नियम म्हणून नाही. दोन्ही नळ्या फुगण्याचं कारण गाठच असेल असं नाही. तोंडाशी अडकलेला खडा असू शकतो, स्वादुपिंडाची जुनाट सूज असू शकते. मला दिसते ती सावली. पुढे सीटी, दुर्बीण, तुकडा काढून तपासणी, यानंतरच नाव ठरतं. मी तोंड उघडून काही बोलले तर तो मुलगा तेवढंच घेऊन गावी जाईल. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, खडा असो की काही असो: “झालं, आता काहीतरी खाऊन घ्या.” एवढं सांगायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

उलटाही एक किस्सा आहे. पंढरपूरकडचा एक पोरगा, पंचविशीचा, पुन्हा पुन्हा पोटात भयंकर दुखून ॲडमिट होणारा. स्वादुपिंडाला सूज. घरचे म्हणायचे हा लपूनछपून पितो. वडील तर त्याच्याशी बोलतच नव्हते. गर्भात असताना स्वादुपिंड दोन भागांत तयार होतं आणि पुढे ते दोन्ही जुळतात, नळ्याही एक होतात. काही माणसांत नळ्या जुळत नाहीत. मग मोठी नळी पित्तनळीला ओलांडून जाते आणि वरच्या बाजूला, वेगळ्या छोट्या तोंडाने आतड्यात उघडते. या पोराची तशीच होती, ओलांडणारी नळी फोटोत अगदी ठळक. वडिलांना वाटलं, सुटलो, दारू नाही. सरांनी त्यांना बसवून समजावलं की अशी नळी असलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यभर काही होत नाही, तेव्हा हेच कारण असं आत्ताच म्हणता येणार नाही. वडिलांनी ऐकलं, मान हलवली, आणि बाहेर जाऊन पोराला उसाचा रस पाजला. त्यांनी जे ऐकायचं ते ऐकलं होतं.

आता फिल्मबद्दल. सगळे स्लाइस, म्हणजे पातळ कापांसारखे फोटो, एकावर एक रचून संगणक एक फिरता फोटो बनवतो, पित्ताच्या सगळ्या नळ्या एकाच चित्रात. दिसायला देखणा. फिल्मवर तोच छापला जातो, नातेवाईक त्याचाच मोबाइलवर फोटो काढतात. सर त्याच्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवतात. कारण पांढऱ्यावर पांढरं रचलं की तीन-चार मिलिमीटरचा काळा खडा मधे बुडून जातो. तो सापडतो पातळ स्लाइसमध्ये, एकेक बघितल्यावर. यकृताकडे जाणारी रक्तवाहिनी पित्तनळीला जिथे घासून जाते तिथे देखण्या फोटोत नळी आवळल्यासारखी दिसते, स्लाइसमध्ये तिथे काही नसतं. आणि हवेचा बुडबुडा. आधी ईआरसीपी झालेल्या पेशंटच्या नळीत हवा राहते. बुडबुडाही काळा, खडाही काळा. ओळखायचं कसं? पेशंट उताणा झोपलेला असतो, तेव्हा बुडबुडा पाण्यावर तरंगत पोटाकडे जातो आणि खडा तळाशी, पाठीकडे बसतो. आडव्या स्लाइसमध्ये हे शाळकरी पोरालाही दाखवता येईल. फिरत्या फोटोत कधीच नाही.

म्हणून मी सीडी देताना भांडते. लोक रिपोर्टचा कागद घडी घालून खिशात ठेवतात, फिल्म गुंडाळून नेतात आणि सीडी काउंटरवर विसरतात. पुण्याला किंवा मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे गेले की ते पहिली सीडीच मागतात, कारण सगळे स्लाइस तिच्यातच असतात. नाही म्हटलं तर पुन्हा तपासणी, पुन्हा उपास, पुन्हा हजारो रुपये. सीडीवर मी मार्करने नाव लिहिते, रिपोर्टच्या पाकिटात घालते, पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत. परवा मंगळवेढ्याच्या एका काकांनी ती उन्हात धरून दोन्ही बाजूंनी निरखली आणि विचारलं, “ही घरच्या टीव्हीवर लागते का हो?” म्हटलं, नाही लागत काका, पण पुण्याच्या डॉक्टरांकडे लागेल, तेवढी न विसरता न्या.